वरंध परिसरातील घरविक्री आणि मोजणीदारांची दरपत्रके

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत, विशेषतः वरंध घाटाच्या पायथ्याच्या गावांत आणि वाड्यांत, वडिलोपार्जित घर विकायचे ठरले की ‘आधी मोजणी करून घ्या’ हा सल्ला सर्वांकडून मिळतो. मात्र मोजणी म्हणजे नेमके कोणते काम, ते कोणी करावयाचे आणि त्याचा दर कशावर ठरतो, याचा विचार न होता दोन-तीन मोजणीदारांना फोन करून आकडे विचारले जातात आणि त्यांतील सर्वांत लहान आकडा निवडला जातो. या पद्धतीतील दोष असा की ते आकडे एकाच कामाचे नसतात. एकाने केवळ फीत लावून घराचे व परड्याचे क्षेत्र काढण्याचा दर सांगितलेला असतो, दुसऱ्याने अभिलेखातील हद्द जागेवर शोधून खुणा रोवून देण्याचा, तर तिसऱ्याने शासकीय मोजणीचा अर्ज भरून देण्याचे मानधनही त्यात धरलेले असते. म्हणून दरपत्रकांची तुलना करण्यापूर्वी कामाची व्याख्या विक्रेत्याने स्वतः लिहून काढणे आणि तोच लेखी मजकूर सर्वांना देऊन त्यावर दर मागवणे आवश्यक ठरते. बहुतेक कुटुंबे ही पायरी गाळतात आणि पुढे होणारे बहुतांश वाद तिथूनच सुरू होतात.

‘सर्व्हे’ हा शब्द या व्यवहारात तीन वेगळ्या कामांसाठी वापरला जातो. पहिले काम भूमापनाचे, म्हणजे जमिनीच्या हद्दी आणि क्षेत्र ठरवण्याचे. दुसरे इमारतीच्या स्थितीच्या तपासणीचे, जे स्थापत्य अभियंत्याचे क्षेत्र आहे. तिसरे मूल्यांकनाचे, म्हणजे मालमत्तेची रास्त किंमत लेखी स्वरूपात सांगण्याचे, जे नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाकडून करून घ्यावयाचे असते. एकच व्यक्ती तिन्ही कामे ‘पॅकेज’ म्हणून देऊ करीत असेल, तर तिच्याकडे प्रत्येक कामाची स्वतंत्र पात्रता आहे का, हे विचारण्यात कोणताही संकोच बाळगू नये. वरंधसारख्या भागात यांपैकी भूमापनाचे काम सर्वांत गुंतागुंतीचे असल्याने त्याचा विचार येथे अधिक विस्ताराने केला आहे.

भूमापनात पहिला भेद शासकीय आणि खासगी मोजणीचा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये हद्दी निश्चित करण्याची व्यवस्था भूमी अभिलेख विभागाकडे असून तालुक्याच्या ठिकाणी उपअधीक्षक भूमी अभिलेख यांचे कार्यालय हे काम पाहते. त्यांच्या भूकरमापकाने लगतधारकांना, म्हणजे शेजारच्या जमिनीच्या धारकांना, नोटीस देऊन केलेल्या मोजणीनंतर अर्जदाराला मिळणाऱ्या प्रमाणित नकाशाला ‘क’ प्रत म्हणतात. हद्दीचा वाद उद्भवल्यास याच नकाशाला वजन असते आणि त्याबद्दल कोणाची हरकत असल्यास वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, जिला निमताना मोजणी म्हणतात, मागता येते. डिसेंबर २०२४ पासून या मोजणीचे नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार ठेवण्यात आले आणि ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंतच्या क्षेत्रासाठी अनुक्रमे २,००० आणि ८,००० रुपये शुल्क ठरवण्यात आले. शासन हे दर वेळोवेळी बदलत असल्यामुळे अर्ज भरतानाचा दर ई-मोजणी प्रणालीवर पाहून घ्यावा. खासगी मोजणीदाराच्या दरपत्रकात ‘सरकारी मोजणीसह’ असे लिहिलेले असेल, तर त्यातील शासकीय शुल्क किती आणि त्याचे स्वतःचे मानधन किती, हे दोन आकडे वेगळे करून मागावेत, कारण शासकीय शुल्काची पावती अर्जदाराच्या नावे निघते आणि त्यात घासाघीस करण्यासारखे काही नसते.

ज्या नकाशावर भूमी अभिलेख विभागाचे प्रमाणन नाही, तो नकाशा हद्दीच्या वादात निर्णायक ठरत नाही, हे एकदा लक्षात घेतले म्हणजे खासगी मोजणी कशासाठी करावयाची हा प्रश्न स्वाभाविकपणे पुढे येतो. तिचा उपयोग पूर्वतयारीचा आहे. घराचे जोते, ओटी, पडवी, परडे, गोठा, विहीर, वाट आणि बांध आज प्रत्यक्ष कोठे आहेत, शेजाऱ्याची भिंत किंवा कुंपण आपल्या क्षेत्रात आले आहे काय, किंवा आपलेच बांधकाम दुसऱ्याच्या हिश्शात गेले आहे काय, हे शासकीय मोजणीच्या नोटिसा निघण्यापूर्वी समजले, तर शेजाऱ्याशी शांतपणे बोलून मार्ग काढता येतो. खरेदीदार उभा राहून इसार दिल्यानंतर हीच गोष्ट उघडकीस आली, तर किंमत पाडून मागितली जाते किंवा व्यवहार मोडतो.

यानंतर पाहावयाची गोष्ट म्हणजे घर कोणत्या अभिलेखावर उभे आहे. गावठाणातील, म्हणजे गावाच्या वस्तीसाठी राखलेल्या जागेतील घराला सहसा सातबारा नसतो. अशा घराच्या बाबतीत कुटुंबाकडे ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि घरपट्टीच्या पावत्या एवढेच कागद असतात. मात्र नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. गावठाणांचे ड्रोनद्वारे मापन करून मालमत्ता पत्रक देण्याचा प्रयोग महाराष्ट्रात पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे झाला आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने स्वामित्व योजनेद्वारे तो हाती घेतला. आपल्या गावठाणाची चौकशी पूर्ण होऊन मालमत्ता पत्रक उघडले गेले आहे किंवा नाही, ही माहिती भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. पत्रक उघडले असल्यास त्यावरील नाव, क्षेत्र आणि नकाशा जागेशी जुळतात का एवढेच मोजणीदाराला तपासावयाचे असल्याने कामाचा आवाका लहान होतो आणि दरही त्याच प्रमाणात कमी असावयास हवा. याउलट वाडीतील घर सर्व्हे किंवा गट नंबरात, भातखाचरांच्या किंवा वरकस जमिनीच्या कडेला असेल, तर ती जागा अकृषिक आहे काय, तिच्यावर कुळकायद्याखालील काही निर्बंध आहेत काय आणि नंबराचा पोटहिस्सा वेगळा झाला आहे काय, हे सातबारा व फेरफार पाहून आधी समजून घ्यावे लागते. हे काम वकिलाचे असून मोजणीदाराच्या दरात ते गृहीत धरू नये.

दरपत्रकातील खरा फरक जुन्या अभिलेखाच्या वापरात दडलेला असतो. मुंबई इलाख्याच्या मूळ मोजणीत तेहतीस फुटांची आणि सोळा आण्यांत विभागलेली साखळी वापरली जात असे आणि शंकूच्या साहाय्याने काटकोन काढून प्रत्येक नंबराची मापे टिपणावर उतरवली जात. टिपण म्हणजे त्या नंबराचे प्रमाणात न काढलेले, पण मापे लिहिलेले कच्चे रेखाचित्र होय. नंतर झालेल्या पोटहिश्श्यांची मापे फाळणीच्या कागदावर असतात आणि क्षेत्राची अधिकृत नोंद आकारबंदात असते. जो मोजणीदार केवळ वहिवाटीची, म्हणजे आज प्रत्यक्ष ताब्यात असलेल्या जागेची मापे घेतो, तो जे दिसते तेच कागदावर उतरवून देतो. त्यातून ‘आपले क्षेत्र किती’ या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यासारखे वाटते, परंतु ‘आपली हद्द कोठे’ हा प्रश्न तसाच राहतो. टिपण आणि फाळणीच्या प्रमाणित नकला काढून, त्यांतील मापे प्रमाणात मांडून, ती वहिवाटीच्या नकाशावर बसवून दाखवणे हे वेगळे आणि कौशल्याचे काम आहे आणि त्यासाठी अधिक मानधन मागणे रास्त आहे. म्हणूनच दरपत्रकात ‘अभिलेख व वहिवाट यांचा एकत्रित नकाशा’ हे शब्द आहेत काय, हे पाहावे. ते नसतील तर आकडा कितीही लहान असला, तरी विक्रीच्या दृष्टीने त्या नकाशाचा उपयोग फारसा नाही.

वरंध भागातील उताराची जमीन हा स्वतंत्र विचाराचा विषय आहे. अभिलेखातील क्षेत्र हे नेहमी आडव्या पातळीवरचे असते, उताराच्या पृष्ठभागावरचे नसते. घरामागचे परडे डोंगराकडे वीस अंशांनी चढत असेल आणि उतारावर फीत टेकवून शंभर फूट लांबी मोजली, तर आडव्या पातळीवर ती सुमारे चौऱ्याण्णव फूटच भरते. त्या पट्ट्याची रुंदी पन्नास फूट असल्यास ५,००० चौरस फुटांऐवजी सुमारे ४,७०० चौरस फूटच क्षेत्र निघते. विक्रेत्याने फितीच्या भरवशावर खरेदीदाराला मोठे क्षेत्र सांगितले आणि शासकीय मोजणीत ते कमी निघाले, तर फसवणुकीचा संशय विनाकारण ओढवतो. टोटल स्टेशन हे कोन आणि अंतर एकाच वेळी मोजणारे उपकरण आडवे अंतर आपोआप काढून देते, तर रोव्हर उपग्रहांच्या संकेतांवरून बिंदूचे स्थान काही सेंटिमीटरच्या अचूकतेने सांगतो. मात्र रोव्हरला मोकळे आकाश आणि स्थिर संदर्भकेंद्राकडून मिळणारी दुरुस्ती, बहुधा मोबाइल जाळ्यातून, लागते. तीन बाजूंनी कडे आणि वर आंबा-फणसाची दाट सावली असलेल्या जागेत या दोन्हींची खात्री नसते. ‘आधुनिक रोव्हरने मोजणी’ एवढ्या शब्दांवर विसंबून वाढीव दर मान्य करण्याऐवजी, संकेत न मिळाल्यास टोटल स्टेशन वापरले जाईल काय आणि त्यासाठी वेगळी आकारणी होईल काय, हे लेखी विचारून घ्यावे.

क्षेत्राच्या एककांबद्दलही दरपत्रकांत एकवाक्यता नसते. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट किंवा सुमारे १०१.१७ चौरस मीटर, तर सातबाऱ्यावरील एक आर म्हणजे नेमके १०० चौरस मीटर; व्यवहारात दोन्ही एकच मानण्याची सवय आहे. काही मोजणीदार गुंठ्यामागे दर सांगतात, काही एकरामागे आणि किमान एका एकराची आकारणी करतात, तर काही दिवसामागे दर लावतात. चार-पाच गुंठ्यांच्या घराला एकराच्या किमान दराने आकारणी झाली, तर स्वस्त वाटणारा दर महाग ठरतो. म्हणून संपूर्ण कामाची एकच ठोक रक्कम मागणे श्रेयस्कर.

हिशोब स्पष्ट होण्यासाठी केवळ कल्पित आकडे घ्यावेत. एका दरपत्रकात मानधन ९,००० रुपये, प्रत्येक भेटीचा प्रवासखर्च ३,००० रुपये वेगळा आणि वस्तू व सेवा कर वेगळा असे लिहिले आहे. दुसऱ्यात दोन भेटी, प्रवास आणि कर यांसह १६,००० रुपये असे आहे. पहिल्या मोजणीदाराला दोनदा यावे लागले, तर मानधन आणि प्रवास मिळून १५,००० रुपये होतात, त्यावर अठरा टक्के दराने २,७०० रुपये कर लागतो आणि एकूण रक्कम १७,७०० रुपयांवर जाते. हद्दीच्या खुणांचे दगड, झाडी तोडण्याची मजुरी, नकलांचे शुल्क आणि नकाशाच्या अतिरिक्त प्रती या बाबी पहिल्याच्या दरात नसतील, तर हा फरक आणखी वाढतो. मोजणीदार वस्तू व सेवा कराखाली नोंदणीकृत नसेल तर तो कर आकारू शकत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी भेट या भागात अपवादात्मक नाही. पावसाळ्यात घाटात दरडी कोसळण्याच्या धोक्यामुळे भोर-महाड मार्गावरील वाहतुकीवर प्रशासन निर्बंध घालते, त्यामुळे पुणे-भोरकडून येणाऱ्या मोजणीदाराला दूरचा वळसा घ्यावा लागतो. जून ते सप्टेंबर खाचरांत पाणी आणि पीक उभे असते, गवतात जुन्या खुणा दिसत नाहीत आणि सलग काम होत नाही. भातकापणीनंतरचा, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मे हा काळ मोजणीला योग्य असतो. शासकीय मोजणीला लागणारा अवधी जमेस धरता, उन्हाळ्यात व्यवहार पूर्ण करावयाचा असल्यास अर्ज दिवाळीच्या सुमारास करणे हिताचे. मे महिन्यात चाकरमानी मंडळी गावी आल्यावर एकाच वेळी अनेक घरांची मोजणी निघते, मोजणीदारांची मागणी वाढते आणि घाईत दिलेली दरपत्रके नीट वाचलीही जात नाहीत.

मोजणीच्या दिवशी कोण हजर राहणार, हा प्रश्न रकमेइतकाच महत्त्वाचा आहे. सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर भाऊ, बहिणी, काका, चुलतभाऊ अशी अनेक सहहिस्सेदारांची नावे असतात आणि त्यांपैकी काही जण मुंबई-ठाण्यास किंवा गुजरातेत स्थायिक झालेले असतात. त्यांपैकी एकाने परस्पर मोजणीदार आणला, तर इतरांच्या मनात संशय निर्माण होतो आणि मोजणी पूर्ण होऊनही खरेदीखतावर सह्या होत नाहीत. दरपत्रक स्वीकारण्यापूर्वीच त्याची प्रत सर्व सहहिस्सेदारांना पाठवून लेखी संमती घ्यावी आणि खर्चाची वाटणी हिश्श्याप्रमाणे ठरवावी. मोजणीदारालाही त्याचा अहवाल सर्वांच्या नावे देण्यास सांगावे. कुटुंबातील विश्वास जपण्याचा हा साधा उपाय कोणत्याही उपकरणापेक्षा अधिक उपयोगी आहे.

इमारतीच्या तपासणीबद्दल महाडमध्ये निष्काळजी राहण्याचे कारण उरलेले नाही. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड शहरातील तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा ती फार जुनीही नव्हती. त्यामुळे सदनिका किंवा सिमेंट काँक्रीटचे घर विकताना संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागणारा खरेदीदार रास्त मागणी करीत असतो. अशा दरपत्रकात केवळ डोळ्यांनी पाहून दिलेला अभिप्राय आहे, की काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा पाहणारी रिबाउंड हॅमर चाचणी, ध्वनिलहरींच्या वेगावरून आतील दोष हुडकणारी चाचणी आणि सळ्यांच्या गंजाचा अंदाज देणारी चाचणी यांचाही समावेश आहे आणि किती ठिकाणी त्या घेतल्या जातील, हे लिहिलेले असावे. याउलट जांभ्याच्या, दगडाच्या किंवा मातीच्या भिंती आणि लाकडी आढ्याचे कौलारू घर असेल, तर या चाचण्यांचा उपयोग नाही. तेथे वाशांना लागलेली वाळवी, भिंतींतील ओल, जोत्याचे खचणे आणि पाण्याचा निचरा पाहणारा अनुभवी माणूस हवा. कौलारू घरासाठी काँक्रीटच्या चाचण्यांची यादी जोडलेले दरपत्रक घर न पाहता तयार केलेले असते, असे समजावे.

डोंगरउताराचा धोका हा या परिसरातील खरेदीदाराच्या मनातील सर्वांत मोठा प्रश्न असून तो टाळून चालणार नाही. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते येथे दरडी कोसळल्या, तर २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे डोंगराचा कडा वस्तीवर येऊन ऐंशीहून अधिक माणसे दगावली आणि त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही जीवितहानी झाली. उतार सुरक्षित असल्याचा दाखला देणे हे भूमापकाचे किंवा मूल्यनिर्धारकाचे काम नाही. ते भूवैज्ञानिकाचे क्षेत्र आहे. दरडप्रवण गावांबाबतची शासकीय माहिती तहसील कार्यालयात विचारता येते आणि ती विक्रेत्याने आधीच मिळवून खरेदीदारासमोर ठेवावी. काळ, सावित्री किंवा गांधारी नदीजवळच्या घरासाठी जलसंपदा विभागाने आखलेली पूररेषा पाहावी. तिच्यातील निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची पातळी दर्शवते. जोत्याची उंची या पातळीशी ताडून हवी असल्यास मोजणीदाराकडून तलांकनाचा, म्हणजे उंची मोजण्याचा, वेगळा दर घ्यावा लागतो आणि उंची कोणत्या संदर्भबिंदूपासून मोजली, हे नकाशावर लिहून घ्यावे लागते.

मूल्यांकनाबाबत थोडक्यात सांगावयाचे तर, नोंदणी व मुद्रांक विभागाचा वार्षिक बाजारमूल्य दरतक्ता, ज्याला लोक रेडी रेकनर म्हणतात, कोणालाही विनामूल्य पाहता येतो. केवळ तो आकडा उतरवून देणाऱ्या अहवालासाठी पैसे मोजण्याची गरज नाही. मूल्यनिर्धारकाची खरी गरज वडिलोपार्जित घराच्या भांडवली नफ्यावरील करासाठी पडते, कारण १ एप्रिल २००१ पूर्वी मिळवलेल्या मालमत्तेची त्या तारखेची रास्त किंमत खर्च म्हणून धरता येते, मात्र जमीन व इमारतीच्या बाबतीत ती त्या तारखेच्या मुद्रांक मूल्यापेक्षा अधिक धरता येत नाही. अपेक्षित विक्री किमतीच्या टक्केवारीत मानधन मागणाऱ्याचे दरपत्रक नाकारावे. ज्याचे उत्पन्न आकडा वाढल्याने वाढते, त्याच्या आकड्यावर कर अधिकारी आणि खरेदीदार दोघेही विश्वास ठेवणार नाहीत.

हा सर्व खर्च विक्रेत्याने का सोसावा, असे विचारले जाते. स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २००८ पासून बहुतेक घरांसाठी विक्रीला काढण्यापूर्वीच तपासणी अहवाल तयार ठेवणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. आपल्याकडे तसा नियम नसला, तरी मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ अन्वये खरेदीदाराला सामान्य काळजी घेऊनही कळू न शकणारा, पण विक्रेत्याला ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष उघड करणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. हद्दीचा वाद किंवा खचलेले जोते लपवून केलेला व्यवहार खरेदीखतानंतरही न्यायालयात जाऊ शकतो आणि मोजणीवर वाचवलेल्या रकमेच्या कितीतरी पट खर्च तेथे होतो.

निवड झाल्यावर कामाचा आदेश लेखी द्यावा, आगाऊ रक्कम एक तृतीयांशापेक्षा अधिक देऊ नये आणि अंतिम रक्कम नकाशा जागेवर ताडून पाहिल्यानंतरच द्यावी. मोजणीतील बिंदूंची मूळ आकडेवारीही नकाशासोबत मागून घ्यावी, म्हणजे पुढे दुसऱ्या मोजणीदाराला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. आणि घर विकू इच्छिणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने एकाही मोजणीदाराला फोन करण्यापूर्वी महाड किंवा पोलादपूर येथील भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या नंबराच्या टिपणाची व फाळणीची, किंवा गावठाणातील घर असल्यास मालमत्ता पत्रकाची, प्रमाणित नक्कल स्वतः काढून हाताशी ठेवावी.